बाटलीवरची न दिसणारी सही

आमच्या घरात औषधं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात राहतात. बहुतेक मराठी घरांत ती तशीच राहत असावीत. झाकणाला चीर गेलेला, एका बाजूने हळदीचे डाग पडलेला असा आमचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. सर्दीखोकल्याचे दिवस आले की तो खाली येतो आणि होळीपर्यंत खालीच राहतो.

२०२५ चा दसरा झाला. आपट्याची पानं अजून देवघरात होती. तेवढ्यात नागपूरहून मुलीचा फोन आला. धाकटा नातू तीन वर्षांचा, दोन दिवस खोकत होता. त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रांत छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातल्या मुलांची बातमी होती. साध्या सर्दीखोकल्यासाठी औषध दिलं गेलं, आधी मुलांची लघवी कमी झाली, मग बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातली कित्येक मुलं उपचारासाठी नागपूरलाच आणली होती आणि तिथेच गेली. माझी मुलगी राहते त्याच शहरात. तिने कपाटातली बाटली उघडून एक चमचा पाजला होता आणि नंतर पेपर वाचला होता.

मी तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत काढली. माणसाचा चेहरा विसरेन, पण कागदावरची तारीख, रक्कम आणि सही पाहिल्याशिवाय पुढे सरकणार नाही. फोनवरच तिला बाटली हातात घ्यायला लावली आणि चेक वाचावा तशी वाचायला सांगितली. औषधाचं नाव. घटक कोणते, पाच मिलिलिटरमध्ये किती. बॅच नंबर. बनवल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख. कुणी बनवलं, कुठे, कोणत्या परवान्यावर. बाटली बातमीतल्या औषधाची नव्हती. माझा जीव भांड्यात पडला, पण तिचा आवाज मध्येच थांबला. लेबलाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. बाटली थोरल्या नातीसाठी गेल्या हिवाळ्यात आणलेली होती. उरली म्हणून ठेवलेली.

नातवाला काही झालं नाही. तीन-चार दिवसांत खोकला आपोआप बसला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. उठून श्रीखंडाचा डबा काढला आणि एकेक बाटली दिव्याखाली धरली. त्या लेबलांवर इतकं सगळं छापणं कंपन्यांना कुणी भाग पाडलं? व्यापारी आपण होऊन आपल्या मालाचा हिशेब देत नसतो, हे मला बँकेने शिकवलंय. या प्रत्येक लेबलावर एका माणसाची न दिसणारी सही आहे. त्याचं नाव कर्नल सर रामनाथ चोप्रा.

वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हे नाव नवं नाही; भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतात. आपल्यासारख्यांना ते माहीत नसतं. १९८३ साली मी बँकेत अगदी नवा, धुळ्याला होतो. टपाल फोडायचं काम माझ्याकडे असे आणि पाकिटांवरची तिकिटं मी हळूच जमवत असे. त्यात चोप्रांच्या चेहऱ्याचं तिकीट होतं, त्यांच्या जन्मशताब्दीनंतरच्या वर्षी, ऑगस्टमध्ये निघालेलं. हा कोण गृहस्थ म्हणून मी कुणाला विचारलंही नाही. विचारायची वेळ आली ती साठीनंतर, आणि तीही फजितीतून. ती पुढे सांगतो.

रामनाथ चोप्रा यांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ चा, पंजाबातल्या गुजरांवाल्याचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोरला कॉलेज झालं आणि १९०३ साली ते केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजात दाखल झाले. तिथे त्यांना डिक्सन नावाचे शिक्षक भेटले. औषधांचा अभ्यास तोवर म्हणजे औषधांची नावं, मुळं, साली, मात्रा यांची घोकंपट्टी. डिक्सन ज्या नव्या शास्त्रात रमले होते त्याचा प्रश्न निराळा होता. औषध पोटात गेल्यावर शरीरात नेमकं काय करतं, किती करतं आणि कुठे थांबतं? हे मोजता आलं पाहिजे, असा त्या मंडळींचा आग्रह. चोप्रांना या मोजण्याची गोडी लागली आणि ती आयुष्यभर सुटली नाही.

१९०८ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले, म्हणजे लष्करी डॉक्टर झाले. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत गेले, पुढे अफगाण सीमेवर. बारा-तेरा वर्षं गणवेशात गेली. प्रयोगशाळेची ओढ असलेल्या माणसाची ती उमेदीची वर्षं. पण सैन्यात एक गोष्ट शिकायला मिळते. औषधाची पेटी वेळेवर आली नाही किंवा आतला माल कमअस्सल निघाला तर काय होतं, ते पुस्तकात वाचावं लागत नाही.

१९२१ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वय एकोणचाळीस. या वयात आमच्याकडे माणूस घराचे हप्ते मोजत असतो. चोप्रांनी तिथे एक कामच हाती घेतलं. आपल्या देशात वैद्य, हकीम आणि आजीबाई जी झाडपाल्याची औषधं देतात त्यांतली खरी कोणती, खोटी कोणती आणि धोक्याची कोणती हे एकेक करून तपासायचं. परंपरा आहे म्हणून डोक्यावर घ्यायची नाही आणि गावठी आहे म्हणून फेकायचीही नाही. त्या काळात दोन्ही बाजूंनी शिव्या खाण्याचाच हा धंदा होता.

त्यांच्या यादीतल्या तीन वस्तू आपल्या खोकल्याच्या बाटलीत येऊन बसल्या आहेत.

पहिला अडुळसा. खानदेशात याची ओळख करून द्यायला नको. शेताच्या बांधाला, परसदारी, ओढ्याच्या कडेला तो असतोच. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणालाही लावतात. खोकला झाला की पानं ठेचून रस काढायचा आणि मधातून द्यायचा. चोप्रांनी १९२५ च्या सुमारास एका सहकाऱ्याबरोबर अडुळशावर प्रयोग केले. त्यातला व्हॅसिसिन हा घटक आधीच वेगळा काढला गेला होता. श्वासनलिकेवर त्याचा परिणाम किती आणि कफ सुटायला मदत किती, हे त्यांनी तपासलं. पुढे याच व्हॅसिसिनच्या धाग्यावरून ब्रोमहेक्सिन हे औषध कारखान्यात घडवलं गेलं आणि त्यातूनच ॲम्ब्रॉक्सॉल. तुमच्या घरातल्या बाटलीवर यांतलं एखादं नाव नक्की असेल. बांधावरचा अडुळसाच तो, पण लांबचा प्रवास करून, टाय घालून परत आलेला.

दुसरी एफेड्रा. हिमालयात आणि बलुचिस्तानच्या कोरड्या डोंगरांत वाढणारं काड्यांचं झुडूप. चीनमध्ये ते दम्यावर शेकडो वर्षं वापरात होतं. आपल्याकडच्या एफेड्रात एफेड्रिन किती निघतं, याचा शोध चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. छाती मोकळी करणारं, चोंदलेलं नाक उघडणारं हे द्रव्य. पण नाकाच्या रक्तवाहिन्या आवळताना ते बाकीच्या शरीरातल्याही आवळतं. रक्तदाब वाढतो, काळीज धडधडतं. फायदा आणि तोटा एकाच ठिकाणाहून निघतो. सर्दीच्या गोळ्यांतून हल्ली दिसणारं फेनिलेफ्रिन याच जातकुळीचं. गंमत म्हणजे पोटात घेतलेलं फेनिलेफ्रिन नाक मोकळं करतच नाही, असा निष्कर्ष २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञांनी काढला.

तिसरी वस्तू अफू. इथे माझी लेखणी जरा अडखळते.

अफूतून निघणारं कोडीन खोकला दाबतं. तेच अधिक झालं की श्वासही दाबतं. चोप्रांनी १९२० च्या दशकात देशातल्या अफूच्या सवयीचा अभ्यास केला, तेव्हा गुत्त्यांवरच्या अमली माणसांपाशी ते थांबले नाहीत. तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या चालीकडेही त्यांनी लक्ष वेधलं. मुंबईच्या गिरणगावात तिला बाळगोळी म्हणत. आई कामावर जायची, मूल रडू नये म्हणून जाताना एक कण चाटवायची. मूल दिवसभर पडून राहायचं.

माझी आजी धुळे जिल्ह्यातली, शिरपूरकडची. तिचं पहिलं मूल, माझा न पाहिलेला थोरला काका, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातल्या निंबाखाली झोळीत असे. त्याला खोकला झाला होता. शेजारणीने दिलेला तीळभर काळा कण आजीने मधातून चाटवला. वेचणी आटोपून ती संध्याकाळी झोळीपाशी आली. मूल झोपलेलंच होतं. हे १९३० च्या आगेमागे घडलं. आजीने ही गोष्ट मला आयुष्यात एकदाच सांगितली, मी बँकेत लागलो त्या वर्षी, आणि सांगतानासुद्धा ती मुलाचं नाव बोलली नाही. आमच्यापैकी कुणाच्याही घरात लेकरू खोकायला लागलं की ती त्याला रात्रभर मांडीवर उभं धरून बसे, पण चाटण कसलंही देऊ देत नसे. आम्हाला तो तिचा हेका वाटायचा.

त्या आजीसारख्या बाया देशभर होत्या आणि एक अधिकारी कलकत्त्याला बसून त्यांच्या चुकीची कारणं टिपत होता, हे मला फार उशिरा कळलं. कारणं साधी होती. मजुरी बुडवता येत नव्हती. मुलाला ठेवायला जागा नव्हती. आणि त्या कणात काय आहे, किती आहे, हे सांगणारी चिठ्ठी त्याला लावलेली नव्हती.

चिठ्ठी लावण्याचं काम त्यांच्याकडे १९३० साली आलं. त्याआधी औषधांच्या बाजारात अंदाधुंदी होती. परदेशातून कसलाही माल येई आणि इथेही कुणीही काहीही बाटलीत भरे. हिवतापाने माणसं पटापट मरत होती आणि बाजारातल्या क्विनीनच्या गोळ्यांत क्विनीन लेबलावर लिहिल्यापेक्षा कमी निघे. भेसळीविरुद्ध भारतीय दंडविधानात कलमं होती, पण ती नुसती कागदावर; भेसळ सिद्ध करायची तर तपासायला प्रयोगशाळा हवी आणि तीच नव्हती. १९२७ साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये ठराव झाला आणि तीन वर्षांनी, ऑगस्ट १९३० मध्ये, सरकारने औषध चौकशी समिती नेमली. अध्यक्ष चोप्रा. सदस्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेत औषधींवर काम करणारे फादर कायस हे जेझुइट धर्मगुरूही होते.

समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला. मध्यवर्ती कायदा करा, मालाची तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा उभारा, औषध विकणाऱ्याला शिक्षण आणि नोंदणी बंधनकारक करा, असा त्याचा गाभा. बँकेतल्या माणसाला हे चटकन समजेल. खातेवही, तपासनीस आणि कॅशियर. तिघांतला एक जरी ढिला असला तर तिजोरीला अर्थ नाही.

अहवालाचं पुढे काय झालं? जे आपल्याकडे अहवालांचं होतं तेच. तो पडून राहिला. मधल्या काळात, १९३७ साली, अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषधाचं पातळ रूप बाजारात आणलं आणि ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल हे गोडसर, स्वस्त, कारखान्यात वापरायचं रसायन घातलं. शंभराहून अधिक माणसं दगावली, त्यांत मुलं पुष्कळ. त्या रसायनाचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. अमेरिकेने दुसऱ्याच वर्षी कडक कायदा केला. आपल्याकडे १९३७ मध्ये कलकत्त्याला तपासणीची प्रयोगशाळा निघाली, १९४० साली औषध कायदा झाला, १९४५ मध्ये त्याचे नियम आले आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा. चोप्रांच्या शिफारशी अशा एकेक करून, सतरा वर्षांत वसूल झाल्या. थकीत कर्जाची वसुली यापेक्षा लवकर झालेली मी पाहिली आहे.

चोप्रा १९३५ पासून त्या कलकत्त्याच्या संस्थेचे संचालक होते. १९४१ साली सरकारी नोकरी संपली, त्याच वर्षी सर झाले. साठीच्या उंबरठ्यावर ते निवांत बसले नाहीत. जम्मू-काश्मीर संस्थानात गेले, तिथल्या वैद्यकीय खात्याची आणि औषध संशोधन प्रयोगशाळेची धुरा घेतली. ती प्रयोगशाळा आजही जम्मूत राष्ट्रीय संस्था म्हणून नांदते आहे. १९४८ मध्ये ते इंडियन सायन्स काँग्रेसचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशी वैद्यकपद्धतींवरच्या सरकारी समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं. १९३३ चा त्यांचा देशी औषधींवरचा जाडजूड ग्रंथ आणि १९५६ चा वनौषधींचा कोश, दोन्ही अजून लोक उघडतात. १३ जून १९७३ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते गेले.

त्यांचं चरित्र इथे संपतं, पण कायद्याची खरी परीक्षा नंतरची आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये तेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी पाडली. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या जानेवारीत जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यात, रामनगर भागात, सर्दीखोकल्याच्या मिश्र औषधाने दहाहून अधिक बालकं गेली. पुन्हा तेच रसायन. ज्या भागात चोप्रांनी आयुष्याची शेवटची कामाची वर्षं घालवली, तोच भाग. आणि २०२५ मध्ये परासिया, बैतूल, पांढुर्णा. तमिळनाडूत बनलेल्या कोल्ड्रिफ या औषधाच्या नमुन्यात ते ४८.६ टक्के निघालं. मुभा आहे ०.१ टक्क्याची. वीसहून अधिक मुलं गेली. पांढुर्णा तर अर्धंअधिक मराठी बोलणारं, तिथल्या आया आपल्यासारखंच अंगाई गातात.

ही झाली भेसळीची, विषाची गोष्ट. लेबल वाचून ती घरात कळत नाही. ते सरकारी तपासनीसाचं काम आहे आणि ते झालं नाही, हा राग मनात ठेवूनच पुढचं लिहितो. कारण दुसरी एक गोष्ट आहे, जी पूर्ण कायदेशीर, चांगल्या प्रतीच्या, शुद्ध औषधातूनही घडते. माझी घडली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात अमळनेरला एका लग्नाला गेलो होतो. मांडवातली धूळ, रात्रीचा गारठा, नाक वाहायला लागलं. दुकानातून सर्दीची गोळी घेतली, सकाळ-दुपार-संध्याकाळ. अंग तापलं म्हणून तापाची गोळी वेगळी. घरी आल्यावर शेजाऱ्यांनी सुचवलेलं खोकल्याचं पातळ औषध झोपताना दोन चमचे, तेही स्वयंपाकघरातल्या मोठ्या चमच्याने. दुसऱ्या रात्री लघवी अडली. पुरुषाने साठीत पेपरात काय लिहू नये याची यादी केली तर हे तिच्यात वर असेल, पण लिहिलंच पाहिजे. पहाटे तीनला जळगावात रुग्णालय गाठलं, नळी घातली तेव्हा जिवात जीव आला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मुलाला घरून सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या आणायला पाठवलं, टेबलावर ओळीने मांडल्या आणि त्यांच्या घटकांवर पेनाने खुणा केल्या. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामाइन. पातळ औषधातही क्लोरफेनिरामाइन. नाक सुकवणारं, झोप आणणारं आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवू शकणारं. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाची गोळी म्हणजेही पॅरासिटामॉल. मी ते दुप्पट घेत होतो. मोठ्या माणसाला दिवसात चार ग्रॅमच्या पुढे ते यकृताला घातक. शिवाय रक्तदाबाची गोळी एकीकडे चालू आणि रक्तदाब चढवणारं फेनिलेफ्रिन दुसरीकडे.

मला आमच्या धंद्यातला एक जुना प्रकार आठवला. एकच माल दोन बँकांकडे तारण ठेवणारा कर्जदार. दोन्हीकडची कागदपत्रं स्वतंत्रपणे चोख असतात. दोन्ही फायली एका टेबलावर आल्याशिवाय लबाडी दिसत नाही. मिश्र औषधांचं तसंच आहे. नावं वेगळी, रंग वेगळे, आत माल तोच. म्हणून पुढचं नाव वाचून उपयोग नाही, मागचे घटक वाचावे लागतात. चारही तक्रारींवर एकच बाटली हे ऐकायला स्वस्त वाटतं. पण ज्याला नुसता खोकला आहे त्याच्या पोटात उरलेली तीन औषधं फुकट जातात, आणि काही बाटल्यांत तर एक औषध खोकला दाबणारं व दुसरं कफ बाहेर काढणारं. कफ सुटलाय आणि खोकायचं नाही, मग त्याने जायचं कुठे?

बँकेतलीच आणखी एक आठवण. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी असताना एका औषध दुकानाला मालतारण कर्ज होतं. दरमहा मालाचं पत्रक येई. एका भर वैशाखात पाहिलं तर कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची विक्री पौषापेक्षा जास्त. चौकशी केली तेव्हा कळलं की कॉलेजची पोरं बाटल्याच्या बाटल्या रिचवत होती. मर्यादा कमी करा असा शेरा मारून मी फाइल वर पाठवली. त्याहून अधिक काही केलं नाही. आजीने सांगितलेली गोष्ट तेव्हा मला माहीत होती, तरी दोन्ही एकाच झाडाची फळं आहेत हे डोक्यात आलं नाही.

चोप्रांच्या कायद्यात एक उणीव होती आणि ती मान्य केली पाहिजे. बाटलीत लिहिलंय ते आहे का, तेवढं आहे का, हे तो विचारी. ते मिश्रण मुळात हवंय का, हे विचारत नसे. उपचाराच्या दृष्टीने निरर्थक औषधावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला १९८२ च्या दुरुस्तीने मिळाला. त्या अधिकाराचा मोठा वापर व्हायला २०१६ साल उजाडलं. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने मिश्र औषधांची छाननी केली आणि सरकारने एका फटक्यात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत खोकल्याची कितीतरी होती. कंपन्या कोर्टात गेल्या, बंदी रद्द झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि फेरतपासणीनंतर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. २०२३ च्या जूनमध्ये आणखी १४, त्यांत कोडीन आणि क्लोरफेनिरामाइनचं पातळ औषधही होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनच्या मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांसाठी नाही अशी सूचना छापायचं ठरलं. माझ्या मुलीने फोनवर वाचली तीच. आणि परासियाच्या बातम्या येत असतानाच, ३ ऑक्टोबर २०२५ ला, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की सर्दीखोकल्याची औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा नकोत. मुलांचा बहुतेक खोकला विश्रांती, पाणी आणि आईच्या मांडीवर बरा होतो, असा त्या पत्रकाचा एकंदर रोख. माझी आजी शाळेत गेली नव्हती.

त्या तरुण डॉक्टरांनी मला निघताना जे सांगितलं ते मी घरातल्या सगळ्यांना ऐकवत असतो. घरच्यांना ते आता पाठ आहे. ज्याची तक्रार त्याचंच औषध. बाटलीबरोबर आलेल्या टोपीनेच मोजायचं, पोहे खायच्या चमच्याने नाही. रक्तदाब, प्रोस्टेट, काचबिंदू किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर दुकानदाराला नव्हे, डॉक्टरला विचारायचं. ही औषधं घेऊन मोटरसायकल हाकायची नाही आणि त्यावर दारू तर नाहीच. एकाचं उरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको. आणि लहान मूल भराभर श्वास घेत असेल, बरगड्यांखाली छाती आत ओढत असेल, पीत नसेल, गळून झोपत असेल किंवा त्याची लघवी कमी झाली असेल, तर घरात बाटल्या शोधत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

दिवाळीला नागपूरची मंडळी जळगावला आली. नातू पुन्हा थोडा खोकत होता. त्याच्या आजीने त्याला कोमट पाणी दिलं, गरम भाताची पेज दिली आणि रात्री उशी उंच केली. मी तोवर श्रीखंडाचा डबा जमिनीवर पालथा केला होता. मुदत संपलेल्या सहा बाटल्या निघाल्या, तीन अर्ध्या पट्ट्या आणि एक थेंबांची कुपी, जिचं लेबल कधीच सोलून गेलं होतं. थोरल्या नातीने तारखा मोठ्याने वाचल्या, मी वहीत टिपल्या. सवय जात नाही.

डब्यात आता थर्मामीटर आहे, पॅरासिटामॉलची एक पट्टी, ओआरएसच्या दोन पुड्या आणि मोजायची टोपी. उरलेल्या जागेत सौ.ने सुईदोऱ्याची डबी ठेवली आहे.